ओसरीवरचे बैल

ड्रॉइंगच्या परीक्षा पास झाल्यापासून जगदेवचा जीव थाऱ्यावर नव्हता. मुंबईच्या चित्रशाळेत जायचं, पण फी कोण भरणार?

धनजच्या नानाजींनी निरोप धाडला, "आमची पोरगी करा, सारा खर्च माझा."

म्हणून तो पोरगी पाहायला गेला आणि ओसरीतच थबकला. भिंतीवर गेरूनं काढलेली बैलजोडी अशी उधळली होती, की तो मागेच सरला.

"हे कोनं काढलं?"

"आमच्या रुख्मिणीनं. निस्ता गेरू नासवते," नानाजी हसले. "तुमी तुमचं सांगा. फी किती?"

जगदेवला बसवेना. असा एक बैल त्याला जन्मात जमला नव्हता. दाराआड बांगड्या वाजल्या.

त्यानं मान खाली घातली आणि आकडा सांगितला.