उलटी आलेली ट्रॉली

बीबी गावाच्या शिवारात तलावाचं काम निघालं, तेव्हा महाराष्ट्र होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. टेकडीवरच्या खाणीतला मुरूम भिंतीवर न्यायला रूळ टाकले होते. टेकडीपासून नाल्यापर्यंत उतार, नाल्यावर लाकडी पूल, आणि पलीकडं भिंतीचा चढ. भरलेल्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर उभं राहून, ब्रेकचा दांडा दाबत ती बेतानं खाली न्यायची, हे उकंडरावचं काम. चढावर मग माणसं ढकलायची.

त्याची बायको झुंबरबाई खाणीत टोपल्या भरायची. त्या दिवशी ट्रॉली निघाली न निघाली तोच कडाडकन आवाज आला. झुंबरनं मान वर केली. तुटका दांडा मातीत पडला होता आणि ट्रॉली सुसाट सुटली होती. उकंडराव फळीवर पाल चिकटावी तसा चिकटला होता.

"सरका बे, सरका!" पुलावरची माणसं दोन्ही बाजूंना पांगली. ट्रॉली धडधडत पूल ओलांडून गेली, चढाला लागली. हळू झाली, आणखी हळू झाली, आणि भिंतीच्या माथ्याच्या जरा अलीकडं उभी राहिली. उकंडरावनं एक हात सोडून पागोटं हलवलं.

"थांबली व माय!" झुंबर मटकन खाली बसली. बायांनी हात जोडले.

शेजारी उभा असलेला, कामावर देखरेख करणारा ओवरसियर शालिग्राम मात्र पांढराफटक पडला. नांदुऱ्याचा तरुण माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. तो ओरडला, "उतरा! परत येईल ती!"

"परत काऊन येईन, साहेब? थांबली ना!" झुंबर म्हणाली.

"वेग संपला, पण उंची आहे ना तिच्याकडं! त्या उंचीचा पुन्हा वेग होतो."

त्याचं बोलणं संपायच्या आत ट्रॉली मागं सरकली. पागोटं खाली पडलं. थांबलेली गाडी, कोणी हात न लावता, तिच्या नवऱ्याला घेऊन उलटी धावत येत होती.

पुलावरून जाताना एक रूळ उचकटून वर आला, तो इथूनही दिसला. शालिग्रामनं झुंबरला दंड धरून उठवलं. "बाई, आता इकडं चढेल. घासण्यात थोडा वेग जातो, म्हणून माथ्यापर्यंत नाही येणार. पण थांबेल, डोळ्याची पापणी लवेपर्यंत. तेवढ्यात उतरायला सांगा. पुन्हा पुलावर गेली तर उलटेल."

झुंबर उतारावरून धावत सुटली. ट्रॉली समोरून वर येत होती, मंद होत होती.

"सहदेवचे बाबा! उडी मारा!" नेहमीसारखी तिनं पोराच्या नावानं हाक मारली.

उकंडरावचे डोळे उघडे होते, पण त्याला काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. बोटं लोखंडात रुतली होती. चाकं थांबली.

"उकंडा!" झुंबर किंचाळली. "उकंडा, मार उडी!"

लग्न झाल्यापासून तिच्या तोंडून हे नाव कोणी ऐकलं नव्हतं. कोणी कानशिलात मारावी तसा उकंडराव दचकला, तिच्याकडं वळला, आणि बोटं सुटली. तो मुरमावर कोसळला. रिकामी फळी त्याच्या डोक्याजवळून खाली घसरली.

ट्रॉली पुलावर गेली, उचकटलेल्या रुळावर उसळली आणि मुरमासकट नाल्यात आदळली. धूळ बसली. शालिग्राम दगडावर बसला होता.

"तुनं माह्यं नाव घेतलं?" उकंडरावनं विचारलं. त्याचा उजवा हात कोपराखाली वाकडा झाला होता.

"हाव," झुंबर म्हणाली, आणि हमसून रडू लागली.

पदर फाडून तिनं हात बांधला. त्याला बैलगाडीत घालून ती लोणारच्या दवाखान्यात निघाली. गाडीवान बैलांना आवरत, अगदी हळू हाकत होता. तरी रस्ता जरासा उताराला लागला, की उकंडराव डाव्या हातानं तिचं मनगट गच्च धरायचा, आणि सपाटी आली तरी सोडायचा नाही.