खिंडीवरून की जंगलातून

डोंगरातल्या मुक्कामाच्या केबिनमध्ये न्याहारीच्या टेबलावर आस्ब्योर्नने नकाशा पसरला आणि त्याच्या बायकोने, गुडरुनने, हातातला चीजचा तुकडा खाली ठेवला.

"खिंडीवरून जायचं," तो म्हणाला. "बावीस किलोमीटर. चारपर्यंत पलीकडच्या केबिनमध्ये पोचू."

एकतीस वर्षं ईस्टरच्या सुट्टीत ते दोघं स्कीवरून ही खिंड ओलांडत आले होते. पण ऑक्टोबरात त्याच्या हृदयात दोन स्टेंट बसले होते, आणि डॉक्टरीणबाईंनी "जपून" एवढंच बजावलं होतं. जपून म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि या पठ्ठ्याने विचारलं नाही.

"जंगलातून उतरलो तर नऊच किलोमीटर," गुडरुन जमेल तितक्या सहज म्हणाली. "खाली बसही मिळते."

"बस! ईस्टरला बसने फिरायला मी काय पर्यटक आहे?"

शेजारच्या बाकावर होकोन होता. दर ईस्टरला तो इथे भेटायचाच. तो खो खो हसला. "गुडरुन, जाऊ दे गं त्याला एकट्याला. तू माझ्याबरोबर चल. मी कॉफीला थांबतो तरी."

"तू कॉफीलाच थांबतोस. पोचतोस कुठे?" आस्ब्योर्न म्हणाला.

होकोनसमोर हा माणूस मेला तरी माघार घेणार नाही, हे गुडरुनला पक्कं ठाऊक होतं. तिला दोघांचाही राग आला. वर खिंडीत फोन लागत नाही. तिथे हा छातीवर हात ठेवून बर्फात खाली बसला, तर आपण एकट्या काय करणार? हाक तरी कुणाला मारणार? कालपासून तिच्या डोळ्यांपुढे तेच येत होतं. बोलून दाखवलं की तो म्हणायचा, "तुला काळजीचं व्यसनच लागलंय."

स्की बर्फावर नीट घसराव्यात म्हणून तो त्यांना मेण घासायला बाहेर गेला. होकोनही त्याच्या मागोमाग गेला. गुडरुनने कप विसळले, फरशी झाडली, आणि वही उघडली. निघण्याआधी प्रत्येकाने केबिनच्या वहीत नाव आणि पुढचा मुक्काम लिहायचा. कुणी पोचलं नाही तर शोधणारे आधी तीच वही बघतात, त्यामुळे तिथे कुणी फुशारकी मारत नाही. आपण आधी 'जंगलातून' लिहून टाकू, मग होऊ दे काय भांडण व्हायचं ते, असं तिने ठरवलं होतं.

पण नोंद आधीच झालेली होती. आस्ब्योर्नच्या अक्षरात, दोघांच्या नावाने: 'जंगलातून खाली. तिथून बसने घरी.'

तिला हवं होतं तेच झालं होतं, तरी ती वही तशीच उघडी ठेवून बाकावर बसली. आतापर्यंत भीती तिची एकटीची होती. आपलं उगाच असेल, असं म्हणायला थोडी जागा होती.

ती बाहेर आली तेव्हा आस्ब्योर्न होकोनला सांगत होता, "मी निघालोच होतो रे खिंडीवरून. पण हिचा गुडघा!"

"कोणता गं?" होकोनने विचारलं.

"डावा," गुडरुन म्हणाली. "काल चढावर लचकला."

"म्हातारी झालीस!"

"झाले रे बाबा."

ती पायऱ्या लंगडत उतरली. आस्ब्योर्न तिच्याकडे न बघता खाली वाकला आणि तिचे बूट स्कीत अडकवून देऊ लागला. त्याने असं कधीच केलं नव्हतं. त्याला उठायला वेळ लागला. गुडरुनने हात पुढे केला, आणि होकोनच्या देखत त्याने तो धरला.