चाकात ठोकलेला खिळा

साहेब, मनुबाईचा चरखा तुम्ही चोरलात. शब्द झोंबला तर झोंबू द्या. हातात पावती टेकवली म्हणून चोरी काही सोवळी होत नाही.

पलूसजवळच्या तिच्या गावात तुमची रेशीम खात्याची जीप आली, तेव्हा मनुबाई अंगणात रेशीम काढत होती. गरम पाण्यात कोष, बोटं भाजून लाल, जोडीला शेजारची अफसाना. तुम्ही नाकाला रुमाल लावलात. "मावशी, जुने चरखे जमा करा. जमा करेल तिलाच सूत काढायच्या नव्या मशीनवर काम."

अफसानानं कोपर मारलं. "मावशी, दिऊ नगा. मशीन फिरलेलं तर बघू आदी."

"आगं, चहाचा घोटबी न घेता चाललाय मानूस. त्यो कशाला खोटं बोलंल?"

चुकली ती इथंच. चहा नाकारणारा साहेब तिला सच्चा वाटला!

चरखा तुमच्या जीपमधून गेला. मशीन आलं. नारळ फुटला, फीत कापली, तुमचे फोटो झाले. पण ह्या मशीन-महाराणीला कोष लागायचे सगळे एका मापाचे, गुळगुळीत. अळ्यांची दाटी झाली की दोघी मिळून एकच कोष विणतात, हे तुमच्या कागदात नव्हतं. गावातल्या बाया त्याला जावांचा कोष म्हणतात. त्यातला गुंता मनुबाई अशी सोडवायची, की विणकर तिचं जाडं सूत दारात येऊन मागून न्यायचे. मशीनमध्ये तो कोष पडला की धागा तटकन तुटायचा.

"असला कचरा बाजूला काढा," तुम्ही म्हणालात. मनुबाईला काम मिळालं ते हेच. जन्मभर जे सोडवलं, ते वेचून बादलीत फेकायचं.

"सायेब, माझा चरखा द्या. ह्यो कचरा मी घरी न्हेऊन कातीन."

"अर्ज करा."

तिनं तीन अर्ज केले. उत्तर एकाचंही नाही. आलं ते साताऱ्याला तिच्या सत्काराचं आमंत्रण. मनुबाई हरखली. चरखा तिथंच देणार, अशी तिची खात्री. पिशवीभर जावांचे कोष घेऊन ती निघाली.

"मावशी, नारळ आन् शाल देतील," अफसाना एस्टीत म्हणाली. "चरखा इसरा."

चरखा तुमच्या रेशीम संग्रहालयाच्या दारातच होता. सोनेरी ऑइलपेंट फासलेला, झेंडूचा हार घातलेला. खाली पाटी : 'लोप पावलेली कला. हात लावू नये.'

मनुबाईनं हार काढला आणि चाकाला हात घातला. चाक हललं नाही.

"आवं, ह्यो फिरंना की!"

"सहलीची पोरं फिरवत बसायची, म्हणून लॉक केलाय, मावशी," तुम्ही हसत म्हणालात. "चला, स्टेजवर चला. तुमच्यावर दोन शब्द बोलायचेत."

अफसाना वाकली. "लॉक कसला? खिळा मारलाय सरळ. लाकूड चिरलंय बघा."

मनुबाईनं चिरेवरून बोट फिरवलं. सासूनं दिलेला चरखा. तीस वर्षं त्याला तिनं साधा ओरखडा उमटू दिला नव्हता. पदर खोचून ती पाटीसमोर फरशीवर बसली. पिशवी उपडी केली. कोष घरंगळत तुमच्या बुटांपाशी आले.

"सायेब, कला लोपली म्हंता. मी तर हितं तुमच्या म्होरं बसलीया. शाल ठेवा तुमच्यापाशी. चाकात खिळा कुणी ठोकला, आन् कुणाला इचारून, एवढं सांगा. सांगा की! सांगितल्याबिगर मी उठायची न्हाई."