कोल्हापूर ते लागोस

चिदोझी नायजेरियाचा. शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघातून तो दोन हंगाम खेळत होता. पेठेनं त्याचा केव्हाच 'दोजी' करून टाकला होता आणि मैदानावरची मराठी त्याच्या तोंडात बसली होती.

मंगळवारी सकाळी सरावाला बूट बांधत असताना लागोसहून बहिणीचा फोन आला. आईचं हृदय थकलं होतं. चोवीस तासांच्या पुढचं डॉक्टर बोलत नव्हते.

संघाचं सगळं बघणारे आकाराम त्याला तसाच स्कूटरवर बसवून पूर्णिमाच्या घरी घेऊन आले. ती विमानाची तिकिटं काढून द्यायची.

"किती लांब हाय गं हे लागोस?"

"मुंबईहून सरळ साडेसात हजार किलोमीटर, काका. पण थेट विमान न्हाय. अदिस अबाबाला उतरून दुसरं धरायचं. सोळा तास."

"आणि मुंबईपर्यंत?"

"हितल्या विमानात आज जागा न्हाय. गाडीनं नऊ तास. सातचं विमान हाय, चारला तिथं पायजे."

चिदोझीनं बोटांवर तास मोजले. "अठ्ठावीस," तो म्हणाला. मग टेबलाची कड घट्ट धरली. "ताई, दुसरं बघा. दुबई बघा. बघा की!"

पूर्णिमानं दुबई बघितलं, दोहा बघितलं, नैरोबी बघितलं. प्रत्येक वेळी तास वाढतच गेले. शेवटी तिनं अदिस अबाबाचंच तिकीट काढलं.

गाडी आकाराम स्वतःच चालवत होते. साताऱ्याच्या अलीकडे पुन्हा फोन वाजला. बहिणीनं तो आईच्या कानाला लावला असावा, कारण चिदोझी एकदम हळू बोलू लागला. आकारामना एक शब्द कळत नव्हता. थोड्या वेळानं तो नुसतं "ममा, ममा" म्हणत राहिला.

"गेली," तो म्हणाला.

आकारामनी गाडीचा वेग वाढवला. "पोचतोय आपण. त्यांना सांग, थांबा म्हणावं. तू आल्याशिवाय न्यायचं न्हाय!"

"सावकाश, काका. आमच्यात महिनाभर ठेवतात. सगळे येईपर्यंत."

"मग तर तोंड बघायला मिळंल की."

"व्हय." तो खिडकीकडे वळला. "ती विचारत हुती, कुठंवर आलास. मी म्हटलं, दारात हाय. म्हटलं, दार उघडायला सांग." तो परत आकारामकडे वळला. "तिनं सांगितलं, काका. बहिणीला सांगितलं, दार उघड."

आकारामनी गाडी कडेला घेतली. मागून ट्रक हॉर्न वाजवत गेले. चिदोझी डॅशबोर्डवर डोकं आपटत होता आणि आकारामना त्याला आवरता येत नव्हतं.

पावणेचारला ते विमानतळावर पोचले. दुसऱ्या दिवशी साडेअकराला आकारामच्या मोबाईलवर लागोसहून एकच शब्द आला, 'पोचलो'. त्यांनी फोन तसाच उघडा ठेवला आणि तालमीच्या पायरीवर बसून राहिले.