तीन महिने निळे

आमचा जावई आमोद संगणकाच्या कामाने अमेरिकेला गेला आणि येताना माझ्यासाठी मधुमेहाच्या पट्ट्यांची बाटली घेऊन आला. लोकांचे जावई अत्तर आणतात. पट्टी लघवीत बुडवायची, अर्धा मिनिट थांबायचं. टोकाचा कागद निळाच राहिला तर साखर नाही, हिरवा झाला तर थोडी, आणि तपकिरी झाला तर घरात भांडण.

हेमा, म्हणजे आमची ही, चित्रकलेची निवृत्त शिक्षिका. पट्टीचा रंग रोज दिनदर्शिकेच्या चौकोनात रंगीत पेन्सिलीने भरायचा, असा तिने नेम धरला. दूधवाल्याचे खाडेही त्याच चौकोनात. शिवाय मला रोज सकाळी पेलाभर कारल्याचा रस. त्यानंतर मी फिरायला म्हणून निघायचो आणि वारज्याच्या नाक्यावर जिलबी खायचो. हे उघडकीला येऊ नये म्हणून पट्टी नळाखाली धरू लागलो. दिनदर्शिका निळीशार झाली.

हेमाला वाटलं, कारल्याचा गुण. ती सोसायटीभर सांगत सुटली. लोक दिनदर्शिका बघायला येऊ लागले, आणि मी शेजारी सत्कारमूर्तीसारखा बसू लागलो.

मग एका सकाळी शेजारचे सर्जेराव आले. मार्केट यार्डात गुळाचे घाऊक व्यापारी, आणि स्वतःला वीस वर्षांचा मधुमेह. आमची दिनदर्शिका पाहून त्यांनी दोन महिन्यांपूर्वी इन्शुलिन बंद करून कारल्याचा रस धरला होता, डॉक्टरांना न सांगता. त्यांनी चप्पल काढून डावा पाय पुढे केला. अंगठा काळा पडला होता.

"वहिनी, एक पेला कमी पडतोय बहुतेक," ते म्हणाले. "दोन घेऊ का?"

हेमा उत्तर देणार, तोच मी उठलो. मोरीत गेलो आणि पट्टी तीन महिन्यांत प्रथमच बाटलीवर लिहिल्याप्रमाणे वापरली. बाहेर आणून दोघांसमोर धरली. ती हिरवी झाली, तिथे थांबली नाही, तपकिरी झाली.

"म्हंजे रसाचा गुण न्हाय?" सर्जेरावांनी विचारलं.

"मी पट्टी नळाखाली धरत होतो," मी म्हणालो. "नळाची साखर अगदी ताब्यात आहे."

कोणी हसलं नाही. जन्मभर लोकांना हसवत आलो, पण त्या वाक्याची जेवढी लाज वाटली तेवढी कशाचीच नाही. त्या अंगठ्याकडे मला बघवेना.

त्यांना रुग्णालयात नेताना रिक्षात सर्जेराव एकदाच बोलले. "तुमच्याकडं बघून सोडलं हो मी." आवाजात तक्रारसुद्धा नव्हती. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

रुग्णालयाने त्यांना ठेवून घेतलं. अंगठा राहील की जाईल, ते दोन दिवसांनी सांगणार होते.

घरी आलो तेव्हा हेमा टेबलाशी बसली होती. पेटीतली तपकिरी पेन्सिल आणल्यापासून कोरी होती, तिला तिने टोक काढलं होतं. आजचा चौकोन भरून झाला होता. तिने दिनदर्शिका माझ्यापुढे सरकवली, वर खोडरबर ठेवला.

"मागचे सगळे तुम्ही खोडा," ती म्हणाली. "दुधाचे खाडे तेवढे राहू द्या. ते खरे आहेत."