घागऱ्यावरच्या चौसष्ट कवड्या

छबूआत्यानं माझ्या बहिणीच्या, निकिताच्या, दुकानाच्या दाराची काच इस्त्री फेकून फोडली. आता हे विसरा. असं काही झालेलं नाही. त्या दाराला काच कधी नव्हतीच, असं आमच्या घरात ठरलंय.

झालं ते एवढंच. आत्या पारनेरकडच्या खेड्यातली, देवीची आराधी. नवरात्रात कवड्यांची माळ घालून, परडी घेऊन रोज पाच घरी जोगवा मागते. गळ्यात माळ नसेल तर परडी उचलायची नाही. दोरा कुजला म्हणून तिनं माळ नव्यानं ओवायला शहरात, सावेडीत निकिताकडे दिली. निकिता गरब्याचे घागरे भाड्यानं देते. तिनं चौसष्टच्या चौसष्ट कवड्या एका घागऱ्याला टाचल्या.

घट बसायच्या आदल्या दुपारी आत्या माळ न्यायला आली.

"आत्या, कसला लूक आलाय! दिशा नावाची कस्टमर घेऊन गेली, नऊ दिवसांसाठी."

"सासूनं तुळजापुरात माझ्या गळ्यात घातलेली माळ, अन् तू ती कुणाच्या ढुंगनाला बांधली?"

"कमरेला, आत्या."

(इथे काचेला काहीही झालं नाही.)

मी आत्याला स्कूटरवर बसवून दिशाकडे नेलं. ती घागरा घालूनच दारात आली.

"काकू, पावती आहे माझ्याकडे."

"पावती गळ्यात घाल. कवड्या दे."

"ऑनलाइन मिळतात की प्लास्टिकच्या. वजनालाही हलक्या."

कवडीतली गोगलगाय म्हणे जिवंतपणी आपलं घर स्वतःच्या अंगानं झाकून ठेवते, म्हणून ते इतकं चकाकतं. तिला समुद्रातून उपसलं, मारलं, घर विकलं. आणि ते घर आता तिसऱ्या मजल्यावर आरशासमोर गिरक्या मारणार होतं. माझं डोकं फिरलं. पण दार तोवर लागलं होतं.

आत्या जिन्यातच बसली. "येक्केचाळीस वर्षं झाली, येक नवरात्र चुकलं न्हाई. उद्या काय रिकाम्या गळ्यानं बसू? तू शिकल्याला हायस ना? लिही अर्ज!"

लिहिला.

प्रति, मा. अध्यक्ष, गरबा उत्सव समिती.

अर्जदाराची माळ अर्जदाराच्या गळ्याऐवजी कु. दिशा यांच्या कमरेला असल्याने, कु. दिशा यांना घागऱ्यासह उद्या सकाळी सातच्या एसटीने आमच्या गावी रवाना करावे व नवमीपर्यंत रोज पाच घरांसमोर अर्जदाराशेजारी उभे करावे. परडी अर्जदार धरील. कु. दिशा यांनी त्या काळात गिरकी घेऊ नये, असे लेखी आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.