खळ्यातला ठसा

आमच्या घरात टेनिस कळतं ते फक्त हर्षद सरांना, आणि ते आमच्या घरातले नाहीत. माझ्या कल्पिताचे ते पहिले कोच. बाकी आम्ही तिघं, म्हणजे मी, माझा नवरा सुबोध आणि सासूबाई, सर टाळ्या वाजवतील तेव्हा टाळ्या वाजवणारे. पोरीच्या मागे मुलुंड, अंधेरी, बोरिवली अशी सगळी कोर्टं पालथी घातली, तिचे बूट धुतले, तिचे डबे भरले, पण पंधरानंतर तीस आणि तीसनंतर एकदम चाळीस का, हे मला आजही कुणी पटवून दिलेलं नाही.

पण त्या संध्याकाळी काय पणाला लागलंय ते आम्हाला पक्कं माहीत होतं. कल्पिता पॅरिसला फ्रेंच ओपन खेळत होती. लाल मातीवरची ती मोठी स्पर्धा. मुख्य स्पर्धेआधी पात्रता फेरीचे तीन सामने असतात, त्यातले दोन तिने जिंकले होते. हा तिसरा जिंकला की विक्रोळीच्या कन्नमवारनगरातली पोरगी जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंच्या पंक्तीत बसणार होती. आणि हरली तर? तर सगळं संपलं. खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तिला टेनिस विसरायला सांगितलं होतं. ती विसरली नाही, पण जायच्या आधी बापाजवळ बोलून गेली होती. "पप्पा, ही शेवटची ट्राय. नाही जमलं तर परत येते आणि नोकरी बघते." सुबोधने हे मला सांगितलं तेव्हा मी त्याच्यावरच ओरडले होते. दुसऱ्या कुणावर ओरडणार?

मॅच बघायला बसायच्या आमच्या जागा ठरलेल्या होत्या. पहिला सामना जिंकताना जो जिथे होता तो तिथेच. सासूबाई खिडकीजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, सुबोध जमिनीवर भिंतीला टेकून, हर्षद सर शिलाई मशीनच्या स्टुलावर. मी पहिल्या सामन्याच्या वेळी नेमकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यामुळे तिन्ही सामन्यांना माझी जागा तीच, उभ्याची. मरोळच्या कंपनीत औषधांची पाकिटं भरत दिवसभर उभी असतेच, त्यात आणखी थोडं.

सुबोधने मोबाइल टीव्हीला जोडला. सासूबाईंनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आम्ही कुडाळकडचे. आमच्याकडे कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही, मग ते लग्न असो नाहीतर गॅसची नवी शेगडी.

"बा देवा म्हाराजा! आमचा चेडू आज परदेशात खेळता आसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं. हर्षद सर गुजराती, पण त्यांचा आवाज सगळ्यात मोठा.

"कोणाची वायट नजर लागली आसात तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टीव्हीवर लाल माती दिसली तशा सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "खळा बरा केलानी," म्हणाल्या.

त्यांना ते कोर्ट नेहमी खळंच वाटायचं. गावच्या घरासमोरचं त्यांचं खळं म्हणजे काय सांगू! दिवाळीआधी ते खणायचं, चोपण्याने बडवून बडवून घट्ट करायचं, मग शेणाने सारवायचं, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत त्यावर डाग पडता कामा नये. मी नवी सून असताना ओल्या खळ्यात पाय टाकला म्हणून आठ दिवस बोलणी खाल्ली होती. कल्पिताने टेनिसचा पहिला बॉल मारला तो याच खळ्यात. हातात लाकडाची फळी, समोर पडवीची भिंत. बॉल टप्पा खायचा, सारवणावर गोल ठसा उमटायचा, आणि ओटीवरून सासूबाईंची आरोळी यायची, "ठसो उमटलो बघ! पूस तो आधी!" नाही पुसला की बॉल जप्त. मग पोरगी बॉल मारायची आणि लगेच पायाने ठसा सारखा करायची. मारायची, पुसायची. दर सुट्टीत तेच. आम्ही हसायचो. मुंबईची कोर्टं सिमेंटची, तिथे कसला ठसा उमटणार, त्यामुळे ते आम्ही विसरूनही गेलो.

सामना सुरू झाला. समोरची मुलगी उंच, लांब वेणी घातलेली, मारायला लागली की बॉल दिसायचाच नाही. पहिला सेट तिने घेतला. दुसरा कल्पिताने ओढून आणला. तिसऱ्यात दोघी अशा चिवट खेळल्या की सुबोधने टीव्हीकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. "मला नुसतं सांगत जा," म्हणाला.

पाच-चार. कल्पिताची सर्व्हिस. चाळीस-तीस.

"मॅच पॉइंट," हर्षद सर म्हणाले. "वहिनी, हा पॉइंट आला की संपलं. हा एकच."

कल्पिताने सर्व्हिस केली. बॉल गेला, आला, गेला, आला. मी दाराची चौकट धरली होती. मग त्या वेणीवालीने जीव खाऊन एक फटका मारला, आणि बॉल कल्पिताच्या मागच्या रेषेच्या बाहेर पडला. बाहेर! मला टेनिसमधलं काही कळत नसलं तरी डोळे आहेत. चांगला चार बोटं बाहेर. रेषेवरच्या माणसाने हात आडवा करून ओरडून सांगितलं. कल्पिताने दोन्ही मुठी वर केल्या.

आमच्या घरात जे झालं ते मी सांगू शकत नाही. सुबोध उठला आणि त्याने हर्षद सरांना स्टुलावरून उचललं. मी जागा सोडून टीव्हीपर्यंत धावले. सासूबाईंनी साखरेचा डबा तयारच ठेवला होता, त्यांनी खुर्चीतूनच हाताला लागेल त्याच्या तोंडात साखर कोंबली. "जिंकला मा? आपला चेडू जिंकला मा?" शेजारच्या शेवंतीताईंनी भिंतीवर थापा मारल्या. मी रडत होते आणि साखर चावत होते.

"थांबा," हर्षद सर म्हणाले.

कुणी थांबलं नाही.

"थांबा रे!"

टीव्हीवर ती वेणीवाली हात वर करून जाळीपर्यंत आली होती आणि कल्पिताच्या मागच्या रेषेकडे बोट दाखवत होती. पंच आपल्या उंच खुर्चीवरून उतरत होते.

"तिला वाटतंय बॉल आत होता," सर भराभर सांगायला लागले. "मातीवर हे चालतं. बॉलचा ठसा राहतो ना, तो पंच जवळून बघतात. बघू देत. चांगला बाहेर आहे. ठसा बघतील आणि मॅच देतील."

पंच रेषेपाशी पोचले आणि वाकले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग त्यांनी मान वर केली आणि कल्पिताच्या पायाकडे बघितलं.

हर्षद सरांनी डोक्यावर हात मारून घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"पुसला."

"कोणी?"

"हिने. कल्पिताने. हिने ठसा पुसला वहिनी!"

मला समजेना. तेवढ्यात टीव्हीवर तेच परत दाखवलं, सावकाश. बॉल पडतो. रेषेबाहेर गोल ठसा उमटतो, स्वच्छ, एखादं लहान पोर बघूनही सांगेल असा. कल्पिता मुठी वर करते, तोंड आभाळाकडे, डोळे मिटलेले. आणि तिचा उजवा पाय आपसूक पुढे जातो आणि तो ठसा पुसून टाकतो. एकदा इकडून, एकदा तिकडून. तिने खाली बघितलंसुद्धा नाही.

"मग काय झालं त्यात?" सुबोध ओरडला. "रेषेवरच्या माणसाने आउट दिला ना! टीव्हीवर दिसतंय ना!"

"टीव्ही धरत नाहीत इथे, ठसा धरतात. आणि पंचांनी बघायच्या आधी ज्याने पुसला त्याने पॉइंट सोडला. रूलच आहे. सगळ्यांना माहीत असतो यार, तिलाही माहीत आहे. पॉइंट संपल्यावर पुसतातच लोक. तिला वाटलं, संपलं."

पंच हात हलवून काहीतरी बोलले. कल्पिता खाली बघत होती, जिथे ठसा होता तिथे. तोंड उघडं. माझ्या पोरीचं तोंड तसं मी कधी बघितलं नव्हतं, ऑपरेशनला नेतानासुद्धा नाही. पाटीवरचे आकडे बदलले. चाळीस-चाळीस.

माझ्या तोंडातली साखर तशीच होती. गिळवेना आणि थुंकवेना. मी होते तिथे खाली बसले. जिंकली होती हो ती. माझ्या डोळ्यांनी बघितलं. जिंकल्याची खूण मातीवर होती आणि ती तिनेच पायाने पुसली. हे कुणाला सांगायचं? कुणाशी भांडायचं? मला भांडायला कुणीतरी हवं होतं, आणि समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत सासूबाई होत्या, साखरेचा डबा मांडीवर घेऊन.

"काय झाला गो?" त्यांनी विचारलं.

"तुमचं खळं झालं!" मी ओरडले. "पूस, पूस, पूस! चार वर्षांच्या पोरीच्या मागे लागायचात ना? घ्या! पुसला तिने! जिंकलेली मॅच पुसली!"

"नमिता!" सुबोध म्हणाला.

"काय नमिता? खोटं बोलतेय मी?"

सासूबाईंनी टीव्हीकडे बघितलं. तेच दृश्य तिसऱ्यांदा दाखवत होते. मिटलेले डोळे, पुढे गेलेला पाय, एकदा इकडून, एकदा तिकडून. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना.

"मियाच शिकवलंय तिका," त्या हळूच म्हणाल्या.

पुढचं काय सांगायचं. कल्पिता खेळली, पण ती खेळत होती असं मी म्हणणार नाही. बॉल जवळ पडला की तिचा पाय उचलला जायचा आणि ती तो मागे ओढून घ्यायची. तिचं सगळं लक्ष त्या पायावर. हर्षद सर "बॉल बघ, बॉल बघ बेटा" म्हणत राहिले. तो गेम गेला. पुढचा गेला. त्याच्या पुढचाही गेला. सात-पाच. वेणीवाली मातीत बसून रडायला लागली, आणि मला तिचा रागही येईना. तिने फक्त बोट दाखवलं होतं.

कल्पिताने हात मिळवले. बॅग खांद्याला लावली, दुखऱ्या नाही, दुसऱ्या खांद्याला. सुबोध टीव्ही बंद करायला उठला, पण मी त्याचा हात धरला. मला पोरगी दिसत होती तोवर ती बघायची होती.

बाहेर जायच्या वाटेवर ती मागच्या रेषेपाशी थांबली. बॅग खाली ठेवली. आणि पायाने माती सारखी करायला लागली. आधी तो ठसा होता तिथे. मग शेजारी तिच्या बुटांचे ठसे होते ते. मग त्याच्या मागचे. एकेक पाऊल मागे सरकत, मान खाली घालून, आपण काय करतोय हे तिला कळत तरी होतं की नाही कोण जाणे. कोर्टावर जाळी फिरवून माती सारखी करणारी माणसं आली होती, ती जाळी धरून बाजूला उभी राहिली. कुणी तिला थांबवलं नाही.

हर्षद सरांनी तोंड फिरवलं होतं.

सासूबाई उठल्या. तिन्ही सामन्यांत त्या पहिल्यांदाच खुर्चीतून उठल्या. गुडघ्यावर हात देत टीव्हीपर्यंत आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि काचेवर, कल्पिताच्या वाकलेल्या पाठीवर त्यांनी हात ठेवला.

"पूस गो बाय, पूस," म्हणाल्या. "आता पूस. आता कोण तुका बोलूचो नाय."